वच्छलेले वाचता येत होतं

ही गोष्ट माह्या तोंडातून कधी निघाली नाही. पोराले माहीत नाही, सुनेले माहीत नाही. माहीत होती एकट्या वच्छलेले, माह्या बायकोले — अन् ती आता नाही. तुम्ही माह्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. घरात बोलाची हिंमत असती तर परक्याले हे सांगाची पाळी आली असती काय?

माह्या पोरानं नातीले शाळेतून काढलं. ईरा तिचं नाव. नवराबायको तिले घरीच शिकवते. बाभुळगावजवळ आमचं वावर, वावरातच घर. अशीच पोरं घरी शिकवणारे लोक, कोणी यवतमाळचे, कोणी वर्ध्याचे, कधीमधी एकमेकांकडे जमते. परसाली हिवाळ्यात आमच्याकडे जमले. मानपान नाही, काही नाही — या, बसा, खा. पोरं मातीत लोळत होती अन् त्यायचे बाप आंगणात बसून कांदे चिरत होते. माहं डोकंच फिरलं. शाळा नाही, मास्तर नाही, हे काय शिकणं आहे?

त्या दिवशी त्यायच्यावर लय चिडलो होतो मी. तो राग खोटा होता. खरा राग कोणाचा, ते पुढं येते.

वच्छला मात्र खूश. सकाळपासून कोथिंबीर भरून सांबारवड्या तळून राह्यली होती. पोरं तिच्या भोवती — आजी हे काय, आजी ते काय. तिचं ऐकाले इतके लोक बसेल म्या कधी पाह्यले नव्हते.

जेवणं झाली अन् एका बाईनं सगळ्यायले गोल बसवलं. लहान असो का मोठा, आपल्याले काय येते ते ज्यानं त्यानं सांगाचं, असा त्यायचा खेळ. कोणाले पोहता येते, कोणाले शिट्टी वाजवता येते. मी म्हटलं, मले बैल जुपता येते. टाळ्या पडल्या.

मग वच्छलेची पाळी. तिनं पदराले हात पुसले. दरवेळी बोलाच्या आधी माह्याकडे पाहाची, त्या दिवशी पाह्यलं नाही. म्हणाली, "मले वाचता येते."

थांबा. मागचं सांगतल्याशिवाय हे समजाचं नाही.

लग्न झालं तवा ती सातवी शिकेल होती. मी तिसरी, अन् तीही कशीबशी. लग्नाले महिना नसंल झाला, यवतमाळच्या स्टँडवर म्या तिले गाडीत बसवलं. माहे दोस्त सोबत होते. तिनं पाटी वाचली अन् खाली उतरली. "अहो, ही महागावची नाही, वर्ध्याची हाय." बस. इतकंच बोलली बिचारी. दोस्त खिदळले — "बायकोचा पदर धरून चाल बे, नाही तर हरवशीन!"

घरी आल्यावर म्या तिले सांगतलं — उद्यापासून तुले वाचता येत नाही.

मारलं नाही. हात उचलला असता तर तिच्या भावायनं येऊन जाब तरी विचारला असता. हे कोणाले दिसलंच नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं अन् "बरं" म्हणाली. त्यानंतर जिथं सही लागली तिथं तिनं अंगठा पुढं केला. बँकेत, पंचायतीत, सगळीकडे. पोरगा लहानपणी पुस्तक घेऊन तिच्याजवळ जाये, तर ती माह्यादेखत पुस्तक उलटं धरे. मुद्दाम. मले दिसावं म्हणून. अन् मी काय करत होतो? मनात म्हणत होतो, शहाणी आहे.

पोरगा मोठा झाला, माय अडाणी आहे असं समजूनच मोठा झाला.

तर तिनं म्हटलं, मले वाचता येते. पोरानं चमकून मान वर केली. ईरा धावत गेली, गोष्टीचं पुस्तक घेऊन आली — "आजी, वाच ना!" वच्छलेनं पुस्तक घेतलं. सुलटं धरलं.

अन् मी हसलो. मोठ्यानं. "काहून लेकरायले फसवतं वं? जिंदगीभर अंगठे उठवले, अन् चार शिकलेले लोक पाहून पंडितीण झाली!"

सगळे हसले. वाईट मनानं नाही. त्यायले ती गंमतच वाटली. एक जण म्हणाला, आजी लय मस्करी करतात.

तिनं एक ओळ वाचली असती तर मी तिथंच खोटा पडलो असतो. नाही वाचली. पुस्तक मिटलं, पोरीच्या हातात देलं. "चहा ठेवतो," म्हणून आत गेली. काहून नाही वाचली? म्या कधी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारतो?

उन्हाळ्यात ती गेली. तेच लोक भेटाले आले. ती गोल बसवणारी बाई डोळे पुसत म्हणाली, शिकलेल्या नव्हत्या, पण किती जाणत्या होत्या. मले तिच्या त्या गोड बोलण्याचा असा संताप आला का उठून बाहेर काढावं. पण तिले हे खोटं देलं कोणी? म्याच.

मग ईरा बोलली, "आजी किती गंमत करायची ना आजोबा? म्हणे, मला वाचता येतं!"

रडतारडता सगळे हसले. पोरगाही हसला. तिची मया होती त्या हसण्यात. तवा एक वाक्य बोलाचं होतं. वच्छला नव्हती, ते जुने दोस्त नव्हते, मले खाली पाहाले लावणारं कोणीच नव्हतं. सगळे माह्याकडेच पाहून राह्यले होते.

मी हसलो. म्हटलं, "हो ना. लय गमतीदार होती."