आत्या एकदम फायनल

माझ्या शैलाआत्याची उंची पाच फूट एक इंच आहे. ही माहिती डोंबिवली पूर्वेतल्या साधारण तीनशे लोकांना आहे, आणि ती त्यांना मी दिलेली आहे. माइकवरून.

शैलाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, आमच्याच बिल्डिंगमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहते आणि आमच्या भागातल्या संगीत वर्गात गाणं शिकवते. हा वर्ग चार हौशी माणसांनी मिळून चालवलेला आहे. एका शाळेच्या दोन खोल्या संध्याकाळपुरत्या मिळतात. एका खोलीत गाणं, दुसरीत तबला, आणि मधल्या भिंतीला दोघांचाही त्रास! शहाड-टिटवाळ्यापासून मुलं येतात. आत्या तिथे किती वर्षं शिकवते? हा प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला असता तर मी "बरीच" असं उत्तर दिलं असतं.

तर एका शनिवारी आत्या वर आली. आई घरात नाही ना ते बघितलं, माझ्या खोलीचं दार लोटलं आणि हळूच म्हणाली,

"मंद्या, तुला तो बायोडेटा करता येतो ना रे? लग्नाचा?"

"येतो की. कुणाचा करायचाय?"

"माझा."

मी हसलो नाही, शपथ. फक्त तोंड उघडं राहिलं.

"दात काढू नकोस! रियाज झाला की मी चहा टाकते, तर आपोआप दोन कपांचाच टाकला जातो. रोज एक कप मोरीत ओतायचा. कंटाळा आला मला त्याचा. बघू तर खरं, कुणी आहे का." मग तिने माझ्या नाकासमोर बोट धरलं. "पण वर्गात कळता कामा नये. त्या पोरांच्या आया माझ्या पाठीमागे फिदीफिदी हसल्या ना, तर मी त्या खोलीत परत पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते."

ती खरंच ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. आत्या एकदा कोपऱ्यावरच्या वाण्यावर रुसली होती. तो वाणी दुकान विकून गेला तरी ती अजून पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

मी ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर स्लाइडी बनवतो. त्यामुळे मी कामाला भिडलो तो एकदम कलाकार म्हणूनच. गणपती मध्ये की डावीकडे? चौकट जांभळी की लाल? अकरा वेळा केला मी तो बायोडेटा! 'आत्या', 'आत्या फायनल', 'आत्या फायनल दोन' असं करत करत शेवटी 'आत्या एकदम फायनल' तयार झाली.

त्याच आठवड्यात वर्गाचा वर्धापन दिन आला. प्रत्येक शिक्षक काहीतरी सादर करणार, आणि त्याआधी त्यांचा परिचय वाचला जाणार. कुठे शिकले, काय काय केलं वगैरे. आत्याने तिचा परिचय एका कागदावर लिहिला आणि मला म्हणाली, "एवढा पेठ्यांना पाठव." पेठेकाका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि कार्यक्रमाचे निवेदक. मी कागदाचा फोटो काढला, मोबाइलने अक्षरं ओळखून त्याची फाइल केली आणि मी एकही शब्द न वाचता ती पाठवून दिली. (वेळ वाचला!)

रविवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आई, बाबा आणि मी. पेठेकाकांनी माइकवरून फर्मावलं, "सर्वांनी आपापले मोबाइल बंद करावेत. मी माझा केलेला आहे." मी माझा बंद करायला काढला, आणि पेठेकाकांना पाठवलेली फाइल समोर दिसली.

तिच्यावर गणपती होता. भोवती जांभळी चौकट होती.

मी फाइल उघडली, बंद केली, परत उघडली. गणपती जागचा हलला नाही.

"काय रे, घामाघूम कशाने झालास?" आईने विचारलं.

"उकडतंय."

"पंख्याखाली बसलायस!"

स्टेजवर पेठेकाकांच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. कार्यक्रमपत्रिकेत आत्या तिसरी. पहिल्या फडकेबाई, व्हायोलिन. दुसरे गायकर सर, तबला. म्हणजे माझ्या हातात जेमतेम अर्धा तास!

पेठेकाकांनी फडकेबाईंचा कागद उचलला. "फडकेबाई मुळात भूमितीच्या शिक्षिका. चाळीस मुलांच्या वर्गात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रथम व्हायोलिन हाती घेतलं. त्यानंतर शेजारच्यांनी घर बदललं, हे वाचू नये."

हॉलमध्ये हशा पिकला. मला मात्र हुडहुडी भरली. कारण 'हे वाचू नये' ही सूचना होती, आणि ती पेठेकाकांनी वाचली होती! हा माणूस कागदावर जे असेल ते खडान्‌खडा वाचणार. रास वाचणार. नाडी वाचणार. 'एकदम फायनल'सुद्धा वाचणार!

फडकेबाईंनी गज उचलल्याबरोबर मी वाकून, लोकांचे पाय तुडवत, स्टेजच्या बाजूच्या दाराशी पोचलो. तिथे बिल्ला लावलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"फक्त कलाकार."

"मी शैलाताईंचा भाचा."

"भाचे प्रेक्षकांत बसतील."

"अहो, अर्जंट आहे!"

"बाथरूम तिकडे."

मी हात जोडले. बाई ढिम्म! आत व्हायोलिन द्रुत लयीत शिरलं होतं, म्हणजे फडकेबाई संपवत आल्या होत्या. तेवढ्यात मला बाकावर पडलेली एक चुंबळ दिसली. तबला लवंडू नये म्हणून त्याच्याखाली कापडाचं कडं ठेवतात, ती. मी ती उचलली आणि ओरडलो, "अहो, गायकर सरांची चुंबळ राहिली!"

"अगं बाई! मग उभे काय राहिलात? जा ना!"

मी आत घुसलो. पण हाय! दार स्टेजच्या डाव्या अंगाला, पेठेकाकांचं टेबल उजव्या अंगाला, आणि मध्ये उघडं स्टेज. टाळ्या पडल्या, फडकेबाई उठल्या, आणि पेठेकाकांनी दुसरा कागद घेतला. "गायकर सर. जवळच्याच गावचे. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नोकरी. पाळी सुटली की निळ्याशार हातांनी थेट गुरूंच्या दारात. गुरू म्हणत, आधी हात धू, मग 'धा' वाजव."

गायकर सर डग्ग्यापाशी येऊन बसले. शेजारी पेटी धरायला त्यांची एक विद्यार्थिनी बसली. मी विचार केला, चुंबळ द्यायच्या निमित्ताने स्टेजवरून पलीकडे सटकू. वाकून सरांपर्यंत गेलो.

"काय झायला रं पोरा?" सर पुटपुटले. "दोनी चुंबळी हायेत ना माझ्या. ही तिसरी कनाला?"

"सर, मला पलीकडे जायचंय."

"पडदा उघडा हाय! बस आता हितंच. मधी उठलास तर बघ."

आणि त्यांनी थाप मारली!

त्यानंतर पंधरा मिनिटं मी तीनशे लोकांसमोर, मांडीवर तिसरी चुंबळ घेऊन, मांडी घालून बसलो होतो. काहीतरी केलं पाहिजे म्हणून मान डोलवायला लागलो. चुकीच्या जागी डोलली. सरांनी असे डोळे वटारले की मान तिरकीच राहिली. तिसऱ्या रांगेत बाबांनी कार्यक्रमपत्रिका तोंडावर धरली होती. आई हाताने "खाली ये, खाली ये" करत होती. समोरच्या विंगेत हिरवी साडी नेसलेली आत्या तानपुऱ्यावर बोटं फिरवत उभी होती. तिने मला पाहिलं आणि तिची बोटं थांबली.

बिचारीला काहीच माहीत नाही, असं मनात आलं आणि मला रडूच यायला लागलं. आता पाच मिनिटांत तिची पत्रिका तिच्याच विद्यार्थ्यांसमोर वाचली जाणार. उद्यापासून ती वर्गाला जाणार नाही. आणि हे सगळं माझ्या एका बोटाने केलं!

शेवटची तिहाई आली, टाळ्या पडल्या. पेठेकाका उभे राहिले. "आता ज्यांची आपण सारे वाट पाहत होतो, त्या शैलजाताई. यांचा परिचय म्हणजे..."

मी उठलो. पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे धावलो कमी आणि कोसळलो जास्त. पण कोसळलो तो थेट पेठेकाकांच्या अंगावर! त्यांच्या हातातला कागद खेचला, चुरगळला आणि खिशात कोंबला.

"अहो! अहो, हे काय!" काकांचा आवाज माइकमधून हॉलभर घुमला.

"काका, परिचय मी देणार आहे. घरचा माणूस. सरप्राइज!"

"अस्सं? वा, वा! द्या की." आणि त्यांनी माइक माझ्यापुढे सरकवला.

जिंकलो! आत्या वाचली! मी छाती भरून श्वास घेतला, माइकजवळ तोंड नेलं, आणि माझ्या लक्षात आलं की आत्याबद्दल मला काहीही माहीत नाही.

ती कुणाकडे शिकली? माहीत नाही. कधीपासून शिकवते? "बरीच." डोकं पार रिकामं झालं. तीनशे माणसं बघताहेत. आणि त्या रिकाम्या डोक्यात अकरा वेळा टाइप केलेला एकच मजकूर होता. तो माझी परवानगी न घेता बाहेर पडायला लागला.

"नमस्कार. कुमारी शैलजा. उंची पाच फूट एक इंच. वर्ण निमगोरा."

कुजबूज सुरू झाली. थांब, थांब, असं मी तोंडाला सांगत होतो. तोंड ऐकेना.

"रास कन्या. चष्मा आहे. स्वभाव मनमिळाऊ. छंद, गायन."

कुजबूज बंद झाली. हसूही आलं नाही कुणाला. गाण्याच्या बाईंचा परिचय, त्यांच्याच वर्गाच्या वर्धापन दिनाला, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर, आणि छंद, गायन! पहिल्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने तेवढ्यात आईला मोठ्याने विचारलं, "बाईंचा छंद आहे? मग माझा पण छंद आहे, मला का ओरडतात?"

आत्या विंगेतून बाहेर आली. शांतपणे चालत आली, मला कोपराने बाजूला केलं आणि माइकपाशी म्हणाली, "आधी हा माइक कुणीतरी खाली घ्या. उंची एवढ्यासाठीच सांगायला लावली होती."

हॉल खळखळून हसला.

"आणि छंदाचं म्हणाल, तर बरोबर सांगितलं त्याने. नोकरी वाटली असती तर एव्हाना निवृत्त झाले असते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या चालू असताना, लोकांकडे हसून बघत, ओठ न हलवता ती मला म्हणाली, "उतर खाली. तुला नंतर बघते."

ती गायली. सुंदर गायली, सगळे म्हणाले. पण पहिल्या षड्जाला तिचा आवाज किंचित कापला. तो माझ्यामुळे कापला, आणि ते ऐकताना मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी जाताना आई-बाबा पुढच्या रिक्षात बसले, आत्याने मला दंडाला धरून तिच्या रिक्षात घातलं. रिक्षा स्टेशनपाशी आली. तेव्हा आत्या म्हणाली, "काढ तो कागद."

मी खिशातला बोळा काढला, मांडीवर सरळ केला. त्याच्यावर गणपती नव्हता. चौकट नव्हती. आत्याचं निळ्या शाईतलं अक्षर होतं.

"हे... बायोडेटा कुठेय?"

"सकाळी तालमीला गेले तेव्हा पेठ्यांनी छापून आणलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तुझा गणपती! त्यांनी अजून चष्मा लावला नव्हता, वाचलं नव्हतं काही. काढून घेतला आणि हा ठेवला."

"अगं, मग मला सांगायचं ना!"

"उगाच टेन्शन घेशील म्हणून नाही सांगितलं!"

मी कागद वाचला. पहिल्यांदाच. कल्याणला गुरूंकडे चौदा वर्षं तालीम. पहाटे साडेपाचला त्यांच्या दारात, पुढे पुढे तिथूनच टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीवर. गुरू आजारी पडले तेव्हा तीन वर्षं त्यांचे विद्यार्थी हिने सांभाळले. मग या वर्गात बावीस वर्षं. हिच्या हाताखालच्या सहा मुली आज स्वतः शिकवतात. मी तेहेतीस वर्षांचा आहे. इतकी वर्षं रोज सकाळी खालून तिचा आवाज वर येतो आणि मी कूस बदलतो.

"माझी रास तुला पाठ आहे," आत्या म्हणाली. "माझ्या गुरूंचं नाव आत्ता वाचलंस."

मी कागदाची नीट घडी घातली आणि विचारलं, "वर्गाला जाणार ना गं तू?"

"न जायला काय झालं? मागच्या रांगेतल्या चार आयांना बरोब्बर कळलं तुझं बरळणं कसलं होतं ते. मला वाटलं, आता हसतील. दोघींनी माझा हात हातात घेतला. तिसरी म्हणाली, आमचे दीर आहेत, फोटो पाठवा." ती रिक्षाबाहेर बघत होती, पण हसत होती. "पाठव तू तो बायोडेटा सगळीकडे. फक्त गायन वर घे, व्यवसायात. आणि मंगळवारी सहाला वर्गाला ये."

"सोडायला?"

"शिकायला."

मंगळवारी मी गेलो. पहिल्या वर्षाच्या वर्गात वीसेक मुलं, सगळी आठ-नऊ वर्षांची. मी मागे सतरंजीच्या टोकाला बसलो. "बाई, हे कोण?" कुणीतरी विचारलं. वर्गाची पद्धत अशी की नवीन आलेल्याने उभं राहून स्वतःचा परिचय द्यायचा. मी उभा राहिलो, घसा खाकरला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "हा माझा भाचा. परिचय द्यावा असं याने अजून काही केलेलं नाही. बस खाली. सा लाव."

मी डोळे मिटून, जीव ओतून सा लावला. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी मागे वळली आणि अगदी मायेने म्हणाली, "काका, हा सा नाहीये."