इनासदादाचं हरवलेलं जाळं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि फादरलाही नाही. दर वर्षी कन्फेशनला गुडघे टेकायचो, दारू प्यायलो, शिव्या दिल्या, एवढं बोलायचो आणि उठायचो. हे तेवढं आतच राहायचं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलणं जमेल. बघतो.

आता मी शांती नगरमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहतोय, पण जन्म समुद्राकाठच्या चौक गावचा. मध्ये एकदा गावी गेलो होतो, तर किनाऱ्यावर तरुण मंडळी समुद्रातून एक जुनं, सुटलेलं जाळं ओढून काढत होती. त्यातला एकजण सगळ्यांना सांगत होता, जाळं सुटलं की लगेच कळवा, जागा लक्षात ठेवा, लपवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली — लाज कशी वाटली नाही मला?

इनासदादा आमच्या शेजारचा. मला मासेमारी त्यानंच शिकवली. पावसाळा संपत आला की त्याच्या अंगणात जाळी पसरायची. इनासदादा आणि त्याचा धाकटा भाऊ बस्त्याव समोरासमोर बसून फाटकं शिवायचे, मी मधे. बाजूला बांबूंवर मागच्या हंगामाचे उरलेले बोंबील, वहिनीचा गुळाचा चहा, आणि दादाचं ते नाकातलं गाणं. बस्त्याव मुद्दाम त्याच्या बेसूर सुरात सूर मिसळायचा आणि दादा त्याला जाळ्याची सुई टोचायला धावायचा. दोघांचं हसणं पार देवळापर्यंत ऐकू जायचं. आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात. असे दिवस परत कुठे आले?

दादाचं एक होतं. त्याचं जाळं कधी हरवायचं नाही. एकेक दोर हातातून ओढून बघायचा, झिजलेला दिसला की बदलायचा. जाळं तळाशी जातं, वर फक्त बोया तरंगतो, त्याच्यावरूनच आपलं जाळं कुठे आहे ते कळतं. म्हणून बोयाचा दोर तो स्वतः बांधायचा. बोयाला पिवळा पट्टा. बस्त्यावचं लग्न ठरलं त्या वर्षी पहिल्यांदा त्यानं ते काम भावाला दिलं. किती कौतुकानं दिलं! बस्त्यावनं दोराची जाळ्याच्या टोकाला गाठ मारली, दादानं पाय लावून ओढून बघितली आणि म्हणाला, "आता हा माझ्यावानी झाला."

त्याच हंगामातली गोष्ट.

सकाळ होती, धुकं होतं. माझा जोडीदार तापानं पडलेला, होडीवर मी एकटाच. मासळी चांगली लागली होती आणि सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागायची घाई. लांबून वळसा घालायचा सोडून मी सरळ दादाच्या जाळ्यावरून होडी घातली. होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला. इंजिन बंद पडलं. वाकून बघतो तर पिवळा पट्टा.

दोर सोडवता आला असता. वेळ लागला असता, एवढंच. मी सुरी काढली आणि कापला.

तेव्हाही काही बिघडलं नव्हतं. किनाऱ्यावर जाऊन सांगायचं, दादा, माझ्या हातून असं झालं, चल, जागा दाखवतो. दोन शिव्या हासडल्या असत्या त्यानं. पण दुसऱ्याचा दोर कधी कापायचा नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं ना — मग कुठल्या तोंडानं सांगणार? बोया मी होडीच्या फळीखाली लपवला आणि नंतर दगड बांधून बुडवला.

दुसऱ्या दिवशी दादाला बोया दिसला नाही. आम्ही सगळे होड्या घेऊन शोधायला गेलो. लोखंडी आकडा दोराला बांधून तळाशी ओढत न्यायचा, जाळ्यात अडकला की ओढ लागते. धुक्यात टाकलेलं जाळं, दादाला नेमकी जागा सांगता येईना. त्यानं मला विचारलं, "तू काल हिथनंच गेलास न्हवं? बोया दिसला का रं?"

"दिसला," मी म्हणालो. "पण तिकडं, खडकाच्या अंगाला."

मी त्याला उलट्या बाजूला पाठवलं. का, सांगू? जाळं वर आलं असतं तर त्याच्या टोकाला बस्त्यावची गाठ दिसली असती, आणि तिच्यापुढे सुरीनं कापलेला दोर.

आम्ही खडकाकडे आकडा ओढत राहिलो. संध्याकाळी किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, दादा भावाला म्हणाला, "एक गाठ सांगितली, ती पन न्हाय जमली तुला."

"गाठ सुटली न्हाय, दादा."

"मंग बोया काय उडून गेला?"

बस्त्यावनं आकड्याचा दोर गुंडाळायला घेतला. मी त्याचं दुसरं टोक धरलं. त्या हंगामानंतर तो होडीवर चढला नाही. भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात लागला, लग्नानंतर तिकडेच राहिला.

पुढच्या वर्षी तेच जाळं माझ्या जाळ्याला अडकून वर आलं. वर्षभर ते एकटंच मासे पकडत होतं — हाडं, कुजलेलं मांस, आणि मधे दोन-चार जिवंत खेकडे पाय हलवत. टोकाला गाठ होती. शिंपले चढलेली, पण दगडासारखी घट्ट. देवानं ती माझ्या हातात आणून दिली होती, नाही का? जोडीदार इंजिनापाशी पाठमोरा होता, तेवढ्यात मी ती कापून पाण्यात टाकली.

जाळं मात्र किनाऱ्यावर आणलं. दादानं मला मिठी मारली, म्हणाला, "सख्ख्यानं घालवलं, शेजाऱ्यानं आनलं." बातमी ऐकून बस्त्याव कामावरून तसाच, काळ्या हातांनी रिक्षा करून आला. सरळ जाळ्यापाशी बसला. कडेकडेनं हात फिरवत टोकापर्यंत गेला. मग उलटीकडून परत. शेवटी माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "ह्याला दोर नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो.

तो उठला आणि बसस्टॉपकडे चालत गेला.

गेल्या पावसाळ्याआधी दादा अंथरुणाला खिळला. वहिनीनं निरोप दिला, म्हणून बस्त्याव आला. खोलीत आम्ही तिघंच. दोन्ही भाऊ म्हातारे झालेले, एकमेकांकडे बघत होते. दादाला श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाला, "बस्त्या, त्या जाळ्याचं... जाऊ दे. माफ केलं तुला."

बस्त्यावनं मान खाली घातली आणि म्हणाला, "बरं."

मी बाजूला स्टुलावर बसलो होतो. दादाला ऐकू येत होतं, शुद्ध होती. एक वाक्य पुरलं असतं. मी संत्रं सोलून एक फोड त्याच्या ओठांना लावली.

त्यानंतर काही दिवसांतच तो गेला.