चिकटवलेलं पान

दवाखाना उघडला की आत्या आधी केर काढायची नाही, टेबलाशीही जायची नाही. बाहेरच्या खोलीत मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या खुर्चीवर ती बसायची, गुडघे पार हनुवटीपर्यंत आणून, आणि समोर बघत राहायची. रोज वेगळी खुर्ची. मग उठून काहीतरी हलवायची. कधी कचऱ्याचा डबा, कधी भिंतीवरचं किडक्या दाताचं चित्र.

"इथून तो दात केवढा दिसतो, माहितेय का?" ती बाबांना म्हणायची. "तू उभ्याने बघतोस, दादा. म्हणून तुला कळत नाही."

बाबा दातांचे डॉक्टर, आत्या त्यांची धाकटी बहीण. शिक्षण संपल्यावर "लग्न ठरेपर्यंत बस जरा" म्हणून आजोबांनी तिला दवाखान्याच्या टेबलाशी बसवलं. लग्न दोनदा ठरत आलं, दोन्ही वेळा तिनेच मोडलं. टेबल मात्र सोडलं नाही. नंबर लावायचे, नाव पुकारायचं, रडणाऱ्यांना गप्प करायचं, ही तिची कामं. पहिली दोन कुणालाही जमली असती.

एकदा एका मुलाने टेबलाचा पाय असा धरून ठेवला की सुटेना. आई ओढतेय, आतून बाबा हाका मारताहेत. आत्या फरशीवर त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि त्याला नकोताईची हकिगत सांगू लागली. ही मुलगी कुणी काहीही सांगितलं तरी आधी 'नको' म्हणते आणि मग विचार करते. मुलगा म्हणाला, "आणि बाकीचे?" आत्या म्हणाली, "बाकीचे आधी 'हो' म्हणतात आणि मग जन्मभर विचार करतात." त्याने टेबलाचा पाय सोडला. नकोताईचा जन्म हा असा, फिनेलचा वास येणाऱ्या फरशीवर.

ती लिहायला लागली तेही तिथेच. लिहिलेलं पान ती समोर बसलेल्या मुलांना वाचून दाखवायची. आतून बोलावणं आलं आणि मूल "थांबा ना!" म्हणालं, तर ते पान पास. मूल वाक्य अर्धवट टाकून उठलं, तर पान फाडून टाकायची. "ज्याची दाढ दुखतेय तोसुद्धा माझं ऐकण्यापेक्षा डॉक्टरकडे जायला तयार आहे," ती म्हणायची, "मग त्या पानात काही दम नाही." त्यामुळे बाबांची पंचाईत व्हायची. चांगलं पान असलं की पेशंट आत यायचे नाहीत.

"माझा दवाखाना आहे की तुझं थिएटर?" ते दारात येऊन विचारायचे.

"तुझा भाग दुखरा आहे, दादा. लोक आधी माझा बघतात."

प्रकाशक तिला असेच सापडले. नातवाचा दात काढायला आले होते. दात निघाला, नातू घरी जायला तयार होईना. पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. प्रकाशकांनाही ऐकायचं होतं. नकोताईची पुस्तकं निघाली आणि बघता बघता घराघरांत गेली. कौतुकाबरोबर टोमणेही आले. एका नातेवाईक बाईंनी भर मांडवात विचारलं, "स्वतःचं लेकरू नाही, मग तुला मुलांचं काय कळणार?" आत्या म्हणाली, "तुम्हाला चार आहेत ना, लिहा की तुम्ही." आणि एका सभेत कुणी विद्वान म्हणाले, "मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" तेव्हा ती म्हणाली, "मोठे वाचायला लागले की."

पण मला सांगायचंय ते 'नकोताई आणि घंटा' या पुस्तकाबद्दल.

त्या पुस्तकात हेडमास्तर एका गरीब स्वभावाच्या मुलावर चोरीचा खोटा आळ घेतात आणि त्याला वर्गाबाहेर उभं करतात. खरं कळल्यावरही ते गप्प राहतात. नकोताई शाळेची घंटा लपवून ठेवते. घंटा नाही, म्हणजे तास संपत नाही, सुट्टी होत नाही, हेडमास्तरांनाही घरी जाता येत नाही. शेवटी ते त्या मुलापाशी जाऊन म्हणतात, "माझं चुकलं." मग नकोताई स्वतःच घंटा बडवते आणि गोष्ट संपते.

शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीला हे पुस्तक सगळ्या शाळांत हवं होतं. अट एकच: शेवटी नकोताईने हेडमास्तरांची माफी मागावी. आत्याने चक्क नाही म्हणून सांगितलं. प्रकाशक म्हणाले, "ठीक आहे, बघतो मी." तिला वाटलं, नकार कळवतील. त्यांनी बघितलं ते भलतंच.

छापील प्रतींचं पुडकं दवाखान्यात आलं तेव्हा बाहेर गाल सुजलेली एक मुलगी बसली होती. आत्याने तिथेच प्रत उघडून वाचायला घेतली. घंटा वाजली, गोष्ट संपली, पण पुढे आणखी एक पान होतं. तिने सवयीने उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "नकोताई हात जोडून म्हणाली, सर, मला क्षमा करा. मोठ्यांचं नेहमी ऐकावं..." आणि थांबली.

गाल सुजलेली मुलगी म्हणाली, "ती असं नाही बोलणार."

"नाही ना?"

"कधीच नाही." मग पानाकडे वाकून, "तिला कुणी मारलं का?"

आत्या उठली. पुडकं काखेत मारलं, चपला घातल्या.

आतून बाबा ओरडले, "अगं, टेबलाशी कोण बसणार?"

"तू बस. दात पळून जात नाहीत."

बाकीच्या प्रती अजून बाइंडरकडेच होत्या. अरुंद जिना, खाली लांबट खोली, खळीचा वास आणि भिंतीला लावून छातीएवढे पुस्तकांचे गठ्ठे. प्रकाशक तिथेच होते. तिला बघून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बाई, एकच तर पान आहे."

"नाकसुद्धा एकच असतं."

"सगळ्या शाळांत जाईल हो पुस्तक. किती मुलं वाचतील, विचार करा."

"काय वाचतील? मोठ्याने खोटा आळ घ्यायचा आणि माफी पोराने मागायची, हेच ना? ते त्यांना घरी फुकट शिकायला मिळतं."

"तुम्ही अगदी नकोताईसारखं बोलताय."

"मग ती कुठून आली असं वाटलं तुम्हाला?"

तिने एक प्रत उचलली आणि शेवटचं पान धरून ओढलं. बाकीची पानं शिवलेली होती; हे ऐनवेळी वेगळं छापून नुसतं चिकटवलेलं. ते निघालं, पण वेडंवाकडं. कोपऱ्यातून बाइंडर म्हणाला, "ओढू नका, ताई, शिवण उसवेल. पट्टी लावून फाडा." आणि त्याने आपली लोखंडी पट्टी पुढे सरकवली.

ती गठ्ठ्यापाशी बसली. पट्टी लावायची, फाडायचं, प्रत बाजूला ठेवायची.

"ही पुस्तकं माझी आहेत," प्रकाशक म्हणाले. "मी पोलीस बोलावीन."

"बोलवा. पण येताना त्यांना एक पट्टी घेऊन यायला सांगा. काम बरंच आहे."

पोलीस आले नाहीत. प्रकाशक दारात उभे राहिले, मग खुर्चीवर बसले, मग म्हणाले, "समितीला मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, लेखिका वेडी आहे. फार खोटंही नाही ते."

संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी परत गेली. बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यांवर बाबांनीच पट्ट्या लावल्या. म्हणाले, "हट्टाला औषध नाही." ती म्हणाली, "मागितलंय कुणी?"

शाळांनी पुस्तक घेतलं नाही. आधीची पुस्तकंही शाळांच्या कपाटांतून गेली. प्रकाशकांनी पुढे कित्येक वर्षं तिचं काही छापलं नाही, रस्त्यात ती दिसली तर बाजू बदलायचे. तिला वाईट वाटायचं ते नातवाचं. तो आता दात दुखला तर दुसरीकडे जायचा.

फाडलेली पुस्तकं मात्र, निदान खर्च तरी निघावा म्हणून, त्यांनी दुकानांत पाठवली. प्रत्येकीत शेवटी शिवणीपाशी फाटक्या कागदाची बारीक कड राहिली होती. मुलं त्या कडेवरून बोट फिरवायची आणि तिला विचारायची, इथे काय होतं? "इथे एक खोटं होतं," ती सांगायची, "ते काढलं." पुढे दुसऱ्या प्रकाशकाने स्वच्छ आवृत्ती काढली तेव्हा एका मुलाने तक्रार केली की आमच्या पुस्तकात फाडलेलं काहीच नाही, आम्हाला जुनं द्या.

शेवटची दोन वर्षं आत्या आमच्या मागच्या खोलीत असायची. नजर गेली होती, जीभ शाबूत होती. एका सकाळी तिच्यासाठी फोन आला, मी उचलला. पाठ्यपुस्तक तयार करणारे कुणी होते, आवाज अगदी नम्र. त्यांना घंटेची गोष्ट धडा म्हणून घ्यायची होती. सगळी जशीच्या तशी, फक्त शेवटी मुलीने एक शब्द बोलावा. मी फोनवर हात ठेवून तिला सांगितलं. ती उशीला टेकून पडली होती, कालपासून पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"कोणता शब्द?"

"सॉरी."

ती हसली. हसताना तिला ठसका लागला, मी पेला पुढे केला, तिने तो बाजूला सारला. त्या दुपारी ती झोपली ती उठली नाही. त्याआधी ती जे बोलली ते एवढंच:

"त्यांना सांग, नकोताई जेवायला बसलीये, तोंड भरलंय तिचं. आणि तू फोन ठेव, तुझा चहा गार होतोय."