शून्य वाचकांची तीन कपाटं

ग्रंथालयात बसून पुस्तक वाचलंत आणि उठताना शहाण्यासारखं जागच्या जागी ठेवलंत, तर त्या पुस्तकाची रद्दी होऊ शकते, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का?

वाघोलीच्या एका कॉलेजात विजयमालाबाई बावीस वर्षं ग्रंथपाल आहेत. यंदा तिथे नवं सॉफ्टवेअर आलं आणि संगणक विभागाच्या इंद्रजीत सरांनी जुन्या नोंदी त्यात भरून, बटण दाबून यादी काढली: तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं. महिनाअखेरीस सगळी रद्दीत. यादीत संदर्भग्रंथांची तीनही कपाटं होती.

"अहो सर, संदर्भग्रंथ आपण घरी देतच नाही. ते बाहेर जाणार कसे? पाय फुटणारेत का त्यांना?"

"मॅडम, सिस्टीम शून्य दाखवतेय. तुम्हा जुन्या लोकांना कॉम्प्युटरची ॲलर्जीच असते."

ॲलर्जी म्हणे! जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, मोबाईलवर व्हिडिओ बघून बाईंनी ते सॉफ्टवेअर शिकून घेतलं होतं. हॉलमध्ये वाचलेल्या पुस्तकाचा बारकोड स्कॅन करून नोंद ठेवायची सोय त्यातच आहे, हे सरांच्या गावीही नव्हतं. पण ती सोय चालू करायची परवानगी सरांकडेच! तीन अर्ज त्यांच्या खणात जिरले. चौथा बाईंनी थेट प्राचार्यांच्या टेबलावर आपटला, तेव्हा कुठे काम झालं. तोवर वीस तारीख उजाडली होती.

पहिल्या दिवशी हॉल गच्च भरलेला. संध्याकाळी नोंदी किती? चार.

बाई तणतणत कपाटांकडे गेल्या. यवतमाळहून शिकायला आलेली ऋतुजा दिवसभर वाचलेला जाडजूड ग्रंथ पुसून, नीट कपाटात लावत होती.

"अगं, ठेवू नकोस! टेबलावरच राहू दे, मला स्कॅन करायचाय."

"मॅडम, पहिल्या वर्षी तुम्हीच ओरडला होतात ना, पुस्तक जागेवर ठेवा म्हणून?"

बावीस वर्षं घसा फोडून ही शिस्त बाईंनीच लावली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'पुस्तक कपाटात ठेवून संस्कार दाखवू नयेत. टेबलावर सोडावे.' पोरं पाटीचे फोटो काढतात, हसतात आणि सवयीने पुस्तक कपाटात ठेवतात. आज सव्वीस तारीख. तीन कपाटांतल्या चारशे बारांपैकी एकसष्ट ग्रंथांवरचं शून्य पुसलं गेलंय. सर रोज विचारतात, "काय मॅडम, वाचक सापडले का?"

बाईंना निदान तारीख तरी माहीत आहे. तुमच्या ग्रंथालयातली यादी निघेल, तेव्हा तुम्हाला कुणी विचारणारही नाही. तेव्हा एवढं करा: वाचून उठलात की पुस्तक टेबलावरच सोडा.