बशीभर वेळ

माझी उंची पाच फूट. पहिल्या नोकरीत ज्या यंत्राची जबाबदारी मिळाली, त्याचं चाक माझ्यापेक्षा उंच होतं. शहराबाहेरच्या कंटेनर डेपोत रीच स्टॅकर असतो. लांब पोलादी हात पुढे काढून भरलेला कंटेनर वरून पकडायचा, उचलायचा आणि ट्रकवर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मी वारज्याहून स्कूटरवर लॅपटॉप घेऊन जायचे आणि तो तपासायचे.

खरे तपासणारे वेगळेच होते. आमचे फिटरकाका. निवृत्तीला आलेले, बोलणं तिरकस. मी स्क्रीनवरचे तेलाच्या दाबाचे आकडे दाखवले की म्हणायचे, "छान. आता यंत्राला विचारू." मग भरलेला कंटेनर गुडघाभर उचलायचा, इंजिन बंद करायचं. हात पेलून धरणाऱ्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर, तोंडापासून दोन बोटं वर, खडूने रेघ मारायची आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत रेघ जागेवर राहिली तर यंत्र पास. तोंडाकडे सरकली तर आतलं सील गळतंय, म्हणजे कंटेनर हवेत असताना हात हळूहळू खाली बसणार. खाली ट्रकवाला उभा असतो.

मला या प्रकाराचा राग यायचा आणि काकांचा त्याहून जास्त, कारण तपासणीच्या वहीत माझ्या सहीखाली ते रोज स्वतःची सही करायचे. "माझ्यावर विश्वास नाही का?" एकदा विचारलंच.

"आहे ना मॅडम. म्हणून तर वर सही करू देतो."

काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी एकटी होते. फाटकाबाहेर ट्रकांची रांग, मॅनेजरसाहेब डोक्यावर उभे. स्क्रीनवर सगळं ठीक होतं. तरी मी रेघ मारली, टपरीवरून कटिंग मागवला, उभ्याउभ्या प्यायले. रेघ जागेवर. सही केली. पहिल्यांदाच खालची जागा रिकामी राहिली आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

रिकामा ग्लास ठेवायला टेबलाकडे गेले, तर तिथे काकांची बशी. मंडईजवळून आणलेली, कडेला टवका उडालेली. काका चहा बशीत ओतून, फुंकर मारत, जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत प्यायचे. अख्खा कप, चार बशा. मी दोन घोटांत उरकला होता. तिकडे यंत्र कंटेनर घेऊन पहिल्या ट्रककडे निघालं होतं आणि ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून निवांत तंबाखू मळत होता.

मी हात हलवत धावले, यंत्र थांबवलं. साहेब म्हणाले, "आत्ताच पास केलंत ना?"

"चुकले," मी म्हणाले, आणि पुन्हा रेघ मारली. अख्खा कप मागवला. रांगेतले ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मी सगळ्यांसमोर खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते. इतकी लाज कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती. तिसऱ्या बशीला रेघ एका बोटावर आली. चौथी प्यायलेच नाही. यंत्र बाजूला लावलं, सही खोडली. दुसऱ्या दिवशी सिलिंडर उघडला, तर सीलला नखाएवढी चीर होती.

काका काळा चष्मा लावून परत आले. मी सगळं सांगितलं, कटिंगसकट. त्यांनी वही मागितली. खोडलेली सही चष्मा वर करून नीट पाहिली. मग नवं सील घातलेलं यंत्र पुन्हा तपासायला घेतलं. रेघ मी मारली. बशी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. चहा संपला तरी रेघ हलली नव्हती. मी सही करून वही त्यांच्याकडे दिली.

त्यांनी ती मिटली.

"काका, तुमची सही?"

"डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणालेत डॉक्टर," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि बारीक अक्षरातल्या जाहिराती वाचायला लागले.