माईकवर राहून गेलेलं नाव

माझे मिस्टर एक नाव सांगायचं राहून गेलं म्हणून रडत गेले.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीला सहा दिवस बाकी होते तेव्हा.

लालबागच्या आमच्या चाळीत सगळे ह्यांना 'मिलिटरी' म्हणायचे. एकाहत्तरच्या लढाईत हे सॅपर होते. म्हणजे फौजेच्या पुढे जाऊन नदीवर वाट करून देणारे.

त्यांच्या तुकडीत मुंबईची दोनच मुलं. हे लालबागचे, आणि जनू वरळी कोळीवाड्याचा.

पूर्वेकडे एका नदीवर पलीकडे दोर न्यायचा होता. पोहणारा एकच, जनू. कमरेला दोर बांधून तो पाण्यात उतरला. अलीकडचं टोक ह्यांच्या हातात. ह्यांना पोहता येत नव्हतं.

उतरताना जनू म्हणाला, "लालबागकर, दोर सोडू नको रे. नायतर माझी आय तुला म्हावऱ्यासारखा कापल!"

हे हसले. मग पलीकडून गोळ्या सुरू झाल्या.

थोड्या वेळाने दोर ताणला गेला. म्हणजे पलीकडे झाडाला गाठ बसली होती.

त्याच दोराला धरून सगळी तुकडी पार झाली. गाठ घट्ट होती. जनू नव्हता.

लढाई संपल्यावर हे कोळीवाड्यात त्याच्या आईकडे गेले. तिनं एवढंच विचारलं, "दोर कोनाच्या हातात होता?"

"माझ्या."

म्हातारी उठली. आत गेली. भात आणि बोंबलाचं कालवण वाढून ताट ह्यांच्यापुढे ठेवलं. हे जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

"त्या ताटापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं," असं हे म्हणायचे.

पुढे तीही वारली. तिला दुसरं कोणी नव्हतं. मग जनूचं नाव सांगणारा इथे एकच माणूस उरला.

मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन मुलाच्या पुस्तकांवर आणि मग वाचनालयात झालं. लढाईवरची मिळतील ती पुस्तकं मी वाचली. जनरल सापडले. नद्या सापडल्या. जनू सापडला नाही.

ह्यांना मी ते सांगायची तेव्हा हे म्हणायचे, "मग मलाच सांगायला हवं."

दर सव्वीस जानेवारीला गल्लीतलं मंडळ ह्यांना स्टेजवर बोलवायचं. शाल, श्रीफळ, फोटो.

हे दरवर्षी विचारायचे, "दोन शब्द बोलू का?"

"आजोबा, पाहुण्यांना पुढे अजून दोन ठिकाणी झेंडा आहे हो!"

शाली माळ्यावर. नारळाची सोलकढी. माईक कधीच नाही.

दोन वर्षांपूर्वी नितीन सेक्रेटरी झाला. भला मुलगा. म्हणाला, "काका, या वर्षी तुम्ही बोलायचंच."

आठवडाभर ह्यांनी गॅलरीत उभं राहून पाठ केलं. शेजारची पोरं चिडवायची, "मिलिटरी, इलेक्शनला उभे राहताय काय?"

त्या सकाळी कोटावर मेडल्स लावली. माईक हातात आला. समोर झेंडा, बाजूला पाहुणे. हे ताठ झाले, टाच टाचेला लागली.

आणि तोंडातून आपला नंबर, हुद्दा, स्वतःचं नाव आणि "हाजिर है, साब!" एवढंच निघालं.

टाळ्या, शिट्ट्या. नितीननं मिठीच मारली आणि माईक घेऊन पुढच्या कार्यक्रमाला लागला.

चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर हे जिन्यातच बसले.

"अगो, मी माझाच नाव सांगलंय गो."

"पुढच्या वर्षी सांगा."

"तो माणूस गाठ मारून गेलो, आणि मी माझाच नाव सांगलंय."

पुढचं वर्ष मिळालं नाही.

आज सव्वीस जानेवारी. सकाळी नितीन दारात आला. "काकी, काकांची शाल घ्यायला याल ना?"

"शाल नको रे बाबा. माईक दे."

"दोन मिनिटं हां, काकी."

"एका नावाला किती वेळ लागतो?"

स्टेजवर कागद नेला होता. बघावा लागला नाही. म्हटलं, "जनार्दन हिराजी नाखवा, वरळी कोळीवाडा. एकाहत्तरच्या लढाईत एका नदीवर ह्यानं पलीकडे दोर बांधला. त्या दोरानं आमची माणसं पार झाली. हा राहिला. ह्याचं नाव ऐकून ठेवा."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या खुर्चीतली एक म्हातारी उभी राहिली. मग सगळेच उभे राहिले.

नितीन हळूच म्हणाला, "काकी, काकांचं नाव राहिलं."

माझं तोंड उघडेना.

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तर मुलाला पुढे करायची. आज इतक्या माणसांसमोर जीभ वळलीच नाही. नमस्कार केला आणि खाली उतरले.

त्यांनी जनूचं सोडलं. मी त्यांचं सोडलं.

घरी येऊन खूप रडले. मग फोन घेऊन हे लिहायला बसले. जिभेला जमत नाही ते बोटांना जमतं.

सखाराम गोविंद परब. लालबाग.

तुम्ही गेलात तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहा आणायला गेले होते. घरातून निघणाऱ्याला आपण 'जा' नाही, 'या' म्हणतो, ते माझं म्हणायचं राहिलं.

जनूचं नाव आज लालबागनं ऐकलं, उभं राहून ऐकलं.

या आता, सखाराम.