सारसाच्या धुऱ्यावरची खुर्ची

बकारामचे गुडघे एका दिवसात गेले नाहीत. आधी उजवा कुरकुरू लागला, मग डाव्याने त्याची बाजू घेतली. केशोरीच्या बाजाराला तो आधी पायी जायचा, मग सायकलने, मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, आणि आता मीठ-मिरची रुख्माच आणते. तरी गावात त्याला कोणी म्हातारा म्हणत नाही. धानाच्या गावात सगळ्यांचेच गुडघे गेलेले असतात, त्यामुळे तेवढ्यावरून माणसाचं वय धरत नाहीत.

स्वतःचं दुखणं मात्र बकाराम ऐकवायचा. उठताना ऐकवायचा, बसताना ऐकवायचा. रुख्मा चुलीपुढून "हो, हो" म्हणायची. आता ज्याचं जळतं त्याला कळतं हे खरंच, पण बकारामचं जळतं ते साऱ्या आळीला कळायचं.

त्याच्या बोडीखालच्या, म्हणजे लहान तळ्याखालच्या, धानाच्या बांधीत दर पावसाळ्यात सारसांची जोडी घरटं करते. माणसाएवढी उंच, राखी अंगाची, लाल मानेची पाखरं. बांधीच्या कोपऱ्यात, उभ्या पाण्यात, गवताचा ढीग रचायचा आणि त्यावर दोन अंडी घालायची, ही त्यांची रीत. तेवढ्या कोपऱ्यात बकाराम धानाची रोपं रोवत नाही. त्याचा बापही रोवत नसे. ज्याच्या बांधीत सारसाची जोडी बसते त्याच्या घरात भांडण टिकत नाही, असं इकडे मानतात. बकाराम आणि रुख्माचं रोज भांडण होतं, पण ते टिकत नाही असं म्हणायला जागा आहे. "माझे सारस" असं तो पाहुण्यांना सांगायचा. म्हणताना अंगणातल्या बैलांबद्दल बोलावं तसं बोलायचा.

गेल्या साली घात झाला. ऐन रोवण्याच्या दिवसांत बकारामचा गुडघा सुजला आणि तो खाटेवर पडला. रुख्मा बायांच्या टोळीबरोबर होती. इथे बाया एकमेकींच्या बांध्या रोवतात. आज हिची, उद्या तिची. जी जात नाही तिच्या बांधीत कोणी येत नाही. त्यामुळे धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, कोणीच नव्हतं आणि कुत्र्यांनी अंडी फोडली. त्यानंतर सारसांची ती जोडी त्या कोपऱ्यात उभी राहून ओरडत राहिली. तो आवाज घरापर्यंत यायचा. बकाराम भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि जेवायला उठायचा नाही.

या साली जोडी आली ती उशिरा, आधी दोनदा वरून घिरट्या घालून. बकारामने मनाशी ठरवलं, यंदा पिल्लं निघेपर्यंत धुरा सोडायचा नाही. अंडी पुन्हा गेली तर पाखरं पुन्हा येणार नाहीत, याची त्याला खात्री होती. पण दिवसभर उभं राहणं आता त्याच्याने होत नव्हतं. म्हणून खुर्ची हवी होती.

आता खुर्ची म्हणजे खुर्ची, त्यात निवडायचं काय, असं कोणालाही वाटेल. धुऱ्यावर बसून पाहा म्हणजे कळेल. धुरा हातभर रुंद, दोन्ही बाजूंना चिखल. बसायला पाट नेला तर बकाराम बसला खरा, पण उठवायला शेजारच्या देवानंदला हाक मारावी लागली. मग गावातल्या कैलाशच्या बिछायत केंद्रातून लग्नातली लोखंडी खुर्ची भाड्याने आणली. ती अर्ध्या वाटेतच खांद्यावरून उतरवावी लागली. नाकापेक्षा मोती जड. शिवाय उघडताना असा खणखणाट झाला की दोन्ही सारस पंख पसरून पार बोडीपलीकडे गेले. तिसरी लाल प्लास्टिकची. हलकी होती, पण इतकी हलकी की वाऱ्याने उडून बांधीत पडली, आणि बसल्यावर तिचे मागचे पाय चिखलात असे रुतले की बकाराम आभाळाकडे तोंड करून राहिला.

देवानंद हे सगळं आपल्या धुऱ्यावरून पाहत होता. "काकाजी, खुर्चीवर बसून कोणाची शेती होते का जी? पाटील झाले का तुमी?"

"तू आपले बैल पाह्य," बकाराम म्हणाला.

बोलणं देवानंदचं झोंबलं, कारण रीत तीच होती. बाया कमरेत वाकून रोवत असताना गडी माणसाने बसायचं नाही. उभं राहावं, रोपांच्या पेंढ्या फेकाव्यात, पाणी वळवावं. बसलेला गडी म्हणजे एक तर आजारी, नाही तर सावकार.

शेवटी मुलगा गजेंद्रने अर्जुनीहून फोनवरून मागवली ती खुर्ची आली. पातळ नळ्यांची, कापडी बसण्याची, झाडपाल्याच्या रंगाची. दुमडून पिशवीत घातली की खांद्याला अडकवता यायची आणि वजन जाणवायचं नाही. उघडताना आवाज नाही. बसायला बुटकी, पण हाताला टेकू होता, त्यामुळे उठताना देवानंद लागत नव्हता. पाय रुतू नयेत म्हणून बकारामने जुन्या रबरी चपलांचे तळ कापून चारी पायांना बांधले. ओसरीवर तो तिच्यात बसला आणि पाठ टेकल्यावर त्याच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की रुख्माने वळून पाहिलं.

"बरी हाय का?" तिने विचारलं.

"बाज विसरशील अशी हाय," तो म्हणाला. तिला बसून पाहा म्हणायचं त्याला सुचलं नाही. तिलाही सुचलं नाही. रोवण्याला जायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बकारामने पळसाच्या झुडपाआड खुर्ची मांडली. पाखरांना त्रास नको म्हणून अंगावर घोंगडी घेतली, विडी पेटवली नाही, खोकला आला तो शेल्यात दाबला. आणि तिथेच सगळं बिघडलं. मादी घरट्यावरून उठली. नर मान उंच करून झुडपाकडे पाहत राहिला. दोघं पावलापावलाने लांब गेली आणि अंडी उघडी पडली. कुत्रं आलं असेल म्हणून बकारामने इकडेतिकडे पाहिलं. काही नव्हतं. मग तो आणखी दबून बसला, पाखरं आणखी लांब गेली. वर कावळे जमू लागले. त्यांना हाकलायला तो गुडघे धरून उठायचा आणि पुन्हा बसायचा. दुपारपर्यंत त्याच्या अंगातली ताकद संपली.

दुपारी रुख्मा भात आणि अंबाडीची भाजी घेऊन आली. ते झुडपाआडचं ध्यान पाहून ती धुऱ्यावरच थांबली.

"असे काऊन बसले जी? शिकारी दबा धरून बसते तसे दिसून राहिले."

"त्यायले भेव नाई वाटलं पायजे म्हणून."

"लपते त्याचंच भेव वाटते," रुख्मा म्हणाली. "बाहेर बसा उघड्यावर."

खुर्ची उघड्यावर आली. तो जेवत होता तोवर रुख्मा सवयीने बांधीत उतरली आणि घरट्याच्या अलीकडचं तण काढू लागली. काम करताना ती स्वतःशी पुटपुटत असे. कोणाची म्हैस, कोणाचं लग्न, तिखट संपलं, असं काहीबाही. बकारामचा भात संपेपर्यंत मादी येऊन घरट्यावर बसलीसुद्धा. तो खूश झाला. खुर्चीची जागा चुकली होती, एवढंच.

पण त्यानंतरच्या दिवशी रुख्मा टोळीबरोबर लांबच्या शेतात होती. बकाराम उघड्यावर बसला, खोकला, विडी ओढली, देवानंदशी मोठ्याने भांडलासुद्धा. मादी घरट्यावर टेकायची आणि उठायची. नर खुर्चीवरची नजर काढत नव्हता. संध्याकाळी उन्हं कलताना टोळी परतली. रुख्मा पाय धुवायला बांधीच्या कडेला वाकली, नेहमीसारखी पुटपुटली, आणि नराने मान खाली केली.

बकारामने ते पाहिलं. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली. इतकी वर्षं पाहुण्यांना सांगितलं, माझे सारस मला ओळखतात. तो उभा राहायचा धुऱ्यावर, काठी टेकून, आणि पलीकडे ही चिखलात वाकलेली असायची. पाखरांनी ओळख धरली होती ती त्या वाकलेल्या पाठीची आणि पुटपुटण्याची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तो खुर्च्या शोधत हिंडला, आणि पाखरांना हवं होतं ते माणूस रोज त्याला भात वाढत होतं.

घरी जाताना त्याने तिला सांगितलं, की पाखरं तिलाच ओळखतात, पिल्लं निघेपर्यंत तिने याच बांधीत राहावं. सांगताना शब्द नीट जुळले नाहीत, पण रुख्माला कळलं.

"मी टोळीत नाई गेली त आपल्या वरच्या बांध्या कोण रोवन?"

"राहतीन त राहतीन."

रुख्माने पदर खोचला. मग म्हणाली, "गेल्या साली ते वरडत होते तवा मलेबी झोप नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून ती टोळीत गेली नाही. बाया फुगल्या. वरच्या बांध्या उशिरा आणि विरळ रोवल्या गेल्या, त्याचं पुढे धानात दिसलंच. रुख्मा खालच्या बांधीत वाकून राहायची. तण केव्हाच संपलं होतं, तरी ती हात चालवत राहायची, कारण हात थांबले की नर मान वर करायचा. आणि बकाराम खुर्चीत. देवानंद जाता-येता म्हणायचा, "काकाजी उंटावरून शेळ्या हाकते." बकाराम आता त्याला उलट बोलत नव्हता. कुत्री आली की काठी आपटायची, एवढंच त्याच्याकडे काम होतं, आणि कुत्री फारशी येत नव्हती. दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढे रुख्माची पाठ असायची. ती मधूनच कमरेवर हात ठेवायची. धुऱ्यावर चढताना गवताचा आधार घ्यायची. खुर्ची खरोखर आरामाची होती, पण त्याला तिच्यात आराम पडेना.

एका दुपारी ऊन फार चटकलं. रुख्मा वाकलेली उठायला गेली आणि उठता येईना, म्हणून तशीच थोडा वेळ थांबली.

"ये वं, बस थोडा वेळ इथं," बकाराम म्हणाला.

"मी बसली त ते उठन," ती घरट्याकडे पाहून म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. नुसती बातमी होती.

बकारामला ते वाक्य फार लागलं. मग ती बसतेच केव्हा, हा प्रश्न त्याला त्या धुऱ्यावर पहिल्यांदा पडला. घरी चूल, इकडे बांधी, मधे टोळी. आठवू गेला तर ती बसलेली त्याला आठवेना.

"मंग मी उतरतो," तो म्हणाला.

"तुमच्या गुडघ्याचं?"

"चिखलात गुडघे लागत नाई. बसून सरकतो."

त्याने धोतर खोचलं, धुऱ्यावरून घसरत बांधीत उतरला आणि चिखलात बूड टेकून बसला. पाणी कमरेपर्यंत आलं. हाताने चाचपत तो असलं-नसलं तण उपटू लागला आणि सरकू लागला. नराने मान ताठ केली. मादी अर्धवट उठली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण रुख्मासारखं बोलायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं. मग त्याला जे येत होतं तेच त्याने सुरू केलं. गुडघ्यांना शिव्या दिल्या, देवानंदला दिल्या, गजेंद्रचा फोन येत नाही म्हणून त्याला दिल्या. हळू, एका सुरात. नर बराच वेळ पाहत राहिला. मग मादी खाली बसली.

रुख्मा खुर्चीत बसली ती पाहुणीसारखी, कडेला. मग थोडी मागे सरली. मग पाठ टेकली. बकारामने पुन्हा वळून पाहिलं तेव्हा ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, हात मांडीवर पालथे. त्याचं डोकं आता तिच्या पायांच्या उंचीवर होतं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सुटली होती, टाचेच्या भेगेत माती भरलेली होती. त्याच्या गुडघ्याचं तेल रोज रात्री तीच लावत होती. हे पाय त्याने याआधी कधी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून दुपारची पाळी त्याची झाली. चिखलाने त्याच्या अंगाला खाज सुटली, कंबरही धरली. घरी आता तो गुडघ्यांबद्दल बोलायचा नाही. बोलायचं ते सगळं बांधीतच संपून जायचं. संध्याकाळी दोघं एकमेकांना धरून धुरा चढायची. कोण कोणाला धरतंय ते देवानंदलाही सांगता आलं नसतं.

पिल्लू निघालं ते अशाच एका दुपारी. बकाराम चिखलात बसून पुटपुटत होता. मादी उठून बाजूला झाली आणि तिच्या पायाशी भुऱ्या रंगाचं काहीतरी हललं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. बकारामचं पुटपुटणं थांबलं. याच क्षणासाठी त्याने सारा पावसाळा काढला होता. रुख्माला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

ती खुर्चीत गाढ झोपली होती. कपाळावरची आठी गेली होती.

त्याने तोंड मिटलं. पिल्लू एकट्यानेच पाहिलं, डोळे पुसले, आणि तो चिखलात पुढे सरकला.